तोटीच्या अलीकडे, तोटीच्या पलीकडे

बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी ओळखलं जातं. बीडीएन 711, बीडीएन 716 या वाणांच्या नावातलं 'बीडीएन' म्हणजे बदनापूरच. आणि याच तालुक्यात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ही बायकांची जुनी तक्रार. कुकरच्या सहा शिट्ट्या होतात, झाकण उघडावं तर वर पिवळं पाणी आणि तळाशी डाळ जशीच्या तशी. मग कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीवरून एक कळशी 'डाळीचं पाणी' यायचं. वापरायचं पाणी वेगळं, प्यायचं वेगळं आणि डाळीचं तिसरंच.

डाळीची ही परीक्षा अगदी खरी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा फुटत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 10500 या प्रमाणकात पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात, खोल भेगांमधून वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी जड असायचंच. त्यानं साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर चढतो, गॅस जास्त जळतो. पण जडपणानं माणूस आजारी पडतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही आरोग्याच्या कारणावरून जडपणाला मर्यादा घातलेली नाही.

गावोगाव फिरणाऱ्या पाणीशुद्धी यंत्राच्या विक्रेत्याचा सगळा खेळ मात्र या जडपणावरच चालतो. तो ओट्यावर दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळया सोडतो. दोन मिनिटांत तुमच्या ग्लासात गढूळ, तपकिरी गाळ तरंगायला लागतो, त्याचा ग्लास स्वच्छ राहतो. 'बघा काकू, हे पिता तुम्ही!' काकूंचा चेहरा उतरतो. तो गाळ पाण्यात नव्हताच, सळईच्या लोखंडातून आला. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि गाळही येत नाही. चिमूटभर मीठ त्याच्या ग्लासात टाकून पाहा, तोही तितकाच तपकिरी होईल.

बदनापूर तालुक्यातल्या पाण्याकडे पाहताना मला ही गोष्ट सारखी आठवते. जे पाणी जिभेला आणि डोळ्याला खुपतं, जड, मचूळ, लालसर, त्याची आपल्याला भीती. आणि जे पाणी नितळ आहे, गोड आहे, डाळ शिजवतं, त्याच्यावर आपला डोळे झाकून भरवसा. धोका बहुतेक वेळा या दुसऱ्या पाण्यात असतो.

असं का झालं, याचं उत्तर इथल्या दुष्काळात आहे. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, पण पाण्याची चिंता त्याच्या कितीतरी आधीची. वर्षाला साधारण साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. दुधना नदी पावसाळ्यात वाहते, एरवी वाळू. 1972 च्या दुष्काळानं या भागाची पाण्याशी वागायची रीतच बदलली. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि खडकात भोकं पाडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. या सगळ्यात जालन्याचं एक मोठं देणं आहे, ते जालनेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. बोअरवरचे सुरुवातीचे बिडाचे हातपंप सारखे मोडायचे. तेव्हा जालन्यातल्या मिशनच्या कार्यशाळेत एक मजबूत हातपंप बनवला गेला, तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या, आणि त्या घडणीतून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' आला. जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला हातपंप तो हाच. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बाई दांडा हापसते, त्या दांड्याची वंशावळ जालन्यापर्यंत येते.

पण त्या सगळ्या धडपडीत प्रश्न एकच होता: पाणी आहे का? 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. तेव्हाही प्रश्न तोच होता. टँकर आला की हंडे-कळशा घेऊन धावायचं, त्यात पाणी कुठल्या विहिरीतलं, हे विचारायला कुणाला सवड? तीन पिढ्या 'पाणी आलं का?' विचारण्यात गेल्या. 'कसलं आलं?' हा प्रश्न आता कुठे विचारायची वेळ आली आहे, कारण 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशननं घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असं ध्येय धरलं आहे. ते पाणी ठरलेल्या गुणवत्तेचं असलं पाहिजे, हेही त्याच ध्येयात लिहिलं आहे. नळाच्या आकड्यांची चर्चा रोज होते, गुणवत्तेच्या कलमाची क्वचित.

आता नितळ पाण्यातल्या धोक्याबद्दल. त्यातला पहिला नायट्रेटचा.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. डाळ मस्त शिजते. ते येतं कुठून? आपल्याच अंगणातून आणि शेतातून. निंबोळीवेष्टित युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. इतकी स्वस्त दुसरी कुठलीच निविष्ठा नाही, म्हणून कपाशीला, मोसंबीला, अद्रकीला हात सैल सुटतो. पीक घेतं त्यातलं काही, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं. त्यात भर उकिरड्याची, विहिरीच्या काठाला बांधलेल्या जनावरांच्या मुताची आणि संडासाच्या शोषखड्ड्याची. गाळाच्या जाड मातीत हे पाणी गाळून निघतं. आपल्याकडे वर हात-दोन हात काळी, खाली मुरूम आणि मग भेगाळलेला खडक. भेग म्हणजे सरळ नळीच. घरापुढे शोषखड्डा आणि त्याच्यापासून वीस पावलांवर घरचा बोअर, हे चित्र तालुक्यातल्या कोणत्याही गल्लीत दिसेल. संडास बांधले हे उत्तम झालं, उघड्यावरची घाण गेली. पण खड्डा कुठे खणला आणि त्याच्या उताराला काय आहे, हे पाहिलं गेलं नाही तर तीच घाण जमिनीखालून परत ग्लासात येते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या अलीकडच्या तपासणीत देशातल्या साधारण पाचातल्या एका नमुन्यात नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. महाराष्ट्रात हे प्रमाण तीनात एकाहून थोडं जास्त होतं. सर्वांत वाईट जिल्ह्यांच्या यादीत शेजारचे बुलढाणा आणि बीड आहेत. खडक तोच, पिकं तीच, खत तेच. जिल्ह्याची हद्द नकाशावर असते, जमिनीखाली नसते.

मर्यादा आहे लिटरला 45 मिलिग्रॅमची, आणि या बाबतीत मानक कसलीच सूट देत नाही. हा आकडा कुठून आला, ते सांगण्यासारखं आहे. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरकडे शेतावरच्या घरांतली तान्ही बाळं आली, ओठ-नखं निळी पडलेली. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. शोध घेता घेता तो घरच्या उथळ विहिरीपर्यंत पोचला. विहिरीचं पाणी घालून बनवलेलं दूध बाळांना पाजलं जात होतं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला अडवून धरतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याचा सर्वांत जास्त धोका. मोठ्या माणसांत दीर्घकाळ काय होतं, याचे अभ्यास चालू आहेत, त्यांत एकमत नाही.

आपल्याकडे आईचं दूध हे बाळाचं मोठं संरक्षण आहे. पण 'वरचं दूध' सुरू झालं की म्हशीचं दूध जड पडेल म्हणून त्यात निम्मं पाणी घालतात, आणि ते पाणी उकळलं म्हणजे झालं, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. इथेच मोठी चूक होते. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं ते घट्ट होतं. तुरटी फिरवूनही जात नाही, तांब्याच्या भांड्यात ठेवूनही नाही, क्लोरीननंही नाही. आरओ यंत्रानं जातं. म्हणजे जडपणाची भीती घालून विकलेलं यंत्र ज्या कारणासाठी खरोखर उपयोगाचं आहे, ते कारण विक्रेता सांगतच नाही.

पाण्याला दोष देतानाही मात्र जरा थांबावं. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस आठवड्याभरात गळून टक्कल पडू लागलं. पहिला संशय पाण्यावर गेला, कारण तपासणीत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला आणि बोट ठेवलं गव्हातल्या सेलेनियमवर. हे तेच विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले बावस्कर. मूळ जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. पाण्यात नायट्रेट होतंच, पण केस त्यानं गेले नव्हते. घरातला धोका एकाच वाटेनं येत नाही.

दुसरा धोका जंतूंचा, आणि तो विहिरीपेक्षा वाटेत जास्त तयार होतो.

नळ येण्याची वेळ पाहा. गल्लीत कुणीतरी ओरडतं, 'सुटलं!' तोटी आधी फुसफुसते, हवा सोडते, खोकल्यासारखे दोन झटके देते. मग लालसर, कधी काळपट पाणी. ते मोरीत जाऊ द्यायचं, मग बादली लावायची. ही हवा आली कुठून? नळयोजना दिवसाआड, चार दिवसांआड, कधी आठ दिवसांआड चालते. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. पाइप गटाराच्या कडेनं, कित्येक ठिकाणी गटारातूनच गेलेला. जोडावर सांधा सैल, कुणी तरी बेकायदा कनेक्शन घेताना मारलेलं भोक, तोटी नसलेला उघडा नळ. पाइपमध्ये दाब असतो तोवर पाणी बाहेर गळतं. दाब गेला की बाहेरचं आत शिरतं. त्यात 'सुटलं' म्हणताच प्रत्येक जण नळाला टिल्लू मोटर लावतो. मोटर पाणी ओढते, पाण्याबरोबर गटारही ओढते. पहिल्या घरातली मोटर शेवटच्या घराचं पाणी तर पळवतेच, शिवाय त्या घरात जुलाब पाठवते. पहिलं लाल पाणी फेकून दिलं म्हणजे सुटलो, असं नाही; गाळ जातो, जंतू राहतात.

आठवड्यातून एकदा येणारं पाणी कितीही शुद्ध करून सोडलं तरी ते सुरक्षित राहणं कठीण, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी कमी आहे म्हणून रोज सोडत नाही, हे कारण पूर्ण खरं नाही. तेवढंच पाणी रोज अर्धा तास सोडलं तर साठवण कमी होते, वाया कमी जातं. अडचण असते वीजबिलाची, पाणी सोडणाऱ्या माणसाच्या पगाराची, थकलेल्या पाणीपट्टीची आणि कुणाच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा या गावकीची.

या वाटेवरचा एकच पहारेकरी म्हणजे क्लोरीन. गावात त्याला टीसीएल म्हणतात, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हिशोब साधा आहे: हजार लिटरला पाच ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या उंच टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग व्हॉल्व्ह उघडायचा. यातली अर्धा तास थांबायची पायरी नेहमी गळते, कारण लोक नळाशी ताटकळत असतात. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्के असतो, 20 टक्क्यांच्या खाली गेला की ती निरुपयोगी. एका ग्रामपंचायतीच्या खोलीत मी टीसीएलची गोणी पाहिली आहे. तोंड उघडं, सुतळी सुटलेली, आणि शेजारच्या लोखंडी कपाटाला गंजाचे पापुद्रे आलेले. पाण्यात जायचा क्लोरीन कपाटानं खाल्ला होता. नोंदवहीत मात्र रोजची सही होती.

क्लोरीन पोचला का, हे पाहायला ओटी टेस्ट आहे. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरलेला हवा, साथ असेल तर 0.5. शेवटचा नळ, हा शब्द महत्त्वाचा. टाकीखालच्या पहिल्या नळाला पिवळा रंग सगळीकडेच येतो.

नोंदवहीतल्या सहीनं काय होतं, याचा दाखला कॅनडातला आहे. वॉकर्टन हे ऑन्टारिओतलं पाचेक हजार वस्तीचं गाव. मे 2000 मध्ये मोठा पाऊस झाला, गोठ्याच्या शेणखताचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं. विहिरीवरची माणसं रोज क्लोरीन न मोजताच आकडे लिहीत होती. सात माणसं दगावली, सुमारे 2300 आजारी पडली. श्रीमंत देश, पक्के रस्ते, चोवीस तास पाणी. शेणखत, उथळ विहीर, पहिला मोठा पाऊस आणि खोटी नोंदवही. यातलं आपल्याला अनोळखी काहीच नाही. अगदी जवळचं पाहायचं तर जानेवारी 2025 मधलं पुणं आहे. सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले, आकडा दोनशेच्या पुढे गेला. कित्येकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू सापडला. जुलाबाचं दुखणं हातापायांतलं बळ घेऊन जाऊ शकतं, हे महाराष्ट्राला तेव्हा कळलं.

आपल्याकडे साथीचा हंगाम ठरलेला: जून-जुलै. विहिरी तळाला गेलेल्या, पहिल्या पावसाचं पाणी उकिरडे धुऊन त्यात उतरतं. गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ. त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, म्हणून जुलैमध्ये घरात दिवस गेलेली सून असेल तर तिचं पाणी उकळलेलंच हवं, या बाबतीत चालढकल नको.

तोटीच्या पलीकडे घर सुरू होतं. तिथला कारभार आपल्याच हातात, आणि तिथेही सगळं आलबेल नाही.

आठ दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे हौद, सिंटेक्स, ड्रम, रांजण, घागरी. क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सांगणं बरोबर, पण ज्या घरात पाणी पुन्हा कधी येईल याचा नेम नाही, ते घर भरलेला ड्रम ओतून देईल कसं? इथे मधली वाट आहे. पाणी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून काढायचं, रिकामा ड्रम आतून काथ्यानं घासायचा, कारण अंडी पाण्याच्या काठालगत भिंतीला चिकटलेली असतात, आणि मग तेच पाणी परत ओतून तोंडाला धडकं बांधायचं. पाण्याचा थेंबही जात नाही. आणि माठात हात घालून तांब्या बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं वीस-तीस रुपयांत बाजारात मिळतं. बाकी सगळ्या उपायांच्या तुलनेत हे इतकं स्वस्त आहे की त्याची कुणी जाहिरातही करत नाही.

हल्ली ज्यांना परवडतं त्यांनी नळाचा नादच सोडला आहे. वीस लिटरचा गार पाण्याचा जार दारात येतो. लग्नात जार, दशक्रियेला जार, शाळेत जार. पाणी थंड आहे, म्हणून शुद्ध आहे, असा समज. जार सीलबंद नसतो, त्याच्यावर तपासणीची तारीख नसते, तो आतून कधी धुतला ते कुणी विचारत नाही. काही जार खरोखर आरओचे असतात, काही फक्त थंड केलेल्या बोअरच्या पाण्याचे. बाहेरून दोन्ही सारखेच. गावात आरओचं केंद्र असेल तर निदान त्याचा गाळणीचा पडदा शेवटचा कधी बदलला, एवढं तरी विचारावं.

घरातल्या बाकीच्या धोक्यांना एवढी जागा देता येणार नाही, पण ते वगळताही येत नाहीत, कारण ते त्याच मोरीच्या आसपास असतात. टिल्लू मोटर ओल्या फरशीवर, वायर उघडी, अर्थिंग नाही. पाणी भरताना शॉक लागून माणूस जाण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आहे, पण पुढचा भरायला पैसे नाहीत, म्हणून पाणी तापवायला पऱ्हाट्यांची चूल आहेच. तिचा धूर सगळ्यात जास्त घरातली बाई आणि तिच्या काखेतलं मूल घेतं. फवारणीचे डबे धुऊन पाण्याला वापरणं पूर्वीइतकं राहिलं नाही, पण औषधाची अर्धी बाटली अजून फडताळात, तेलाच्या बाटलीशेजारी असते. 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळं लक्ष शेतावर होतं, फडताळाकडे कुणी पाहिलं नाही. आणि धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या: हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याला उतारा नाही. ज्या खोलीत पोती ठेवली त्याच खोलीत लेकरं झोपवू नयेत. एवढं तरी आज रात्रीपासून पाळता येईल.

परत पाण्याकडे. व्यवस्था नाही असं नाही, कागदावर ती चांगलीच आहे. सार्वजनिक स्रोताच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायला हवी. गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं शिक्षण द्यायचं आहे. त्यातली एक छोटी बाटली तर फारच बोलकी आहे. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं झालं तर त्यात विष्ठेतले जंतू असल्याचा संशय. महाराष्ट्रात गावाच्या पाण्याची आणि त्याच्या आसपासच्या स्वच्छतेची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायची नाही, हा नियम 1993 च्या कायद्यापासूनचा. तो किती पाळला जातो, हे गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर उभं राहून चारी बाजूंना नजर टाकली की कळतं.

यातला दुबळा दुवा जलसुरक्षक आहे. गावाच्या पाण्यात क्लोरीन टाकणारा, नमुने घेणारा, ओटी टेस्ट करणारा माणूस तोच; बहुतेक गावांत पाणी सोडणाराही तोच, आणि गळती काढायला खड्ड्यात उतरणाराही तोच. त्याचं मानधन तुटपुंजं आणि तेही थकतं. शंभर घरांची तब्येत ज्याच्या बादलीवर अवलंबून, त्याला गावातल्या कुठल्याही सोसायटीच्या चौकीदाराइतकाही पगार नाही. गावानं पाणीपट्टी वेळेवर भरली तर पहिला रुपया या माणसाला द्यावा, असं मला वाटतं. नवी पाइपलाइन त्यानंतर.

आणि आपल्या घरचा बोअर असेल तर त्याची तपासणी सरकार करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत शुल्क भरून कुणालाही नमुना देता येतो. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक केलेली घ्या. नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटसाठी स्वच्छ प्लास्टिकची लिटरभर बाटली चालते. एप्रिलमध्ये एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एप्रिलची वाट पाहू नका. आणि येत्या ग्रामसभेत दोनच गोष्टी मागा: आपल्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते, आणि शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाची कालची ओटी टेस्ट.